चार बोटांची जागा

सोयाबीनची काढणी उरकली की दुसरबीडहून सिंदखेडराजामार्गे जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर पिकअप गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी समोरून येणारी भरलेली पिकअप लांबूनच ओळखू येते, कारण तिच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता सरळ आपल्या डोळ्यांत येतो. दिवे बिघडलेले नसतात. गाडी मागून बसलेली असते, त्यामुळे तिचं तोंड वर झालेलं असतं. तशी गाडी जवळून गेली की मागच्या चाकांवर नजर टाकावी. टायर जवळजवळ हौद्याला टेकलेला असतो, खड्डा आला की खालून लोखंड लोखंडावर आदळल्याचा आवाज येतो, आणि चालक सवयीने स्टिअरिंग किंचित घट्ट धरतो.

अशा गाडीचा मालक मिस्तरीकडे जातो आणि म्हणतो, "मिस्तरी, गाडी मांगून बसली, एक पाटा टाकून द्या." मिस्तरी एक पाटा वाढवून देतो. गाडी उचललेली दिसते आणि मालक समाधानाने परत जातो. पुढच्या हंगामात तीच गाडी त्याच दुकानात पुन्हा उभी असते, बहुतेक वेळा तुटलेला पाटा घेऊन. या प्रकरणात आपण या एका पाट्याचा हिशेब करणार आहोत. जुन्या पिकअपचं मागचं सस्पेन्शन सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या हिशेबातूनच कळतं.

आधी पाट्यांचं काम पाहू. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना एकेक पाट्यांचा जुडगा असतो. सगळ्यात वरचा लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला थेट पिनेत बसतो, मागचा शॅकलला लटकतो. भार आला की कमान सपाट होते, सपाट झाली की लांबी वाढते, आणि ती वाढ शॅकल मागे झुकून सामावून घेतो. मेन पाट्याखाली उतरत्या लांबीचे पाटे असतात. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्यांना एका जागी धरतो आणि दोन यू-बोल्ट तो जुडगा ॲक्सलला आवळून ठेवतात. ही रचना मोटारीपेक्षा जुनी आहे. पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट ओबादाया एलियट याने १८०४ साली लंडनमध्ये घोडागाड्यांसाठी घेतलं. त्यानंतर पोलाद सुधारलं, पण मूळ कल्पना तीच राहिली. १९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्राच्या कारखान्यात पहिली विलीज जीप जोडली गेली, तेव्हा तिच्या चारही चाकांवर पाटेच होते. आज दुसरबीडच्या फाट्यावर उभी असलेली बोलेरो पिकअपही मागच्या बाजूला पाट्यांवरच उभी असते.

पाटे सुटे का ठेवायचे, एकच जाड पाटा का नको, हा प्रश्न रास्त आहे. शंभर पानी वही वाकवून पाहा: पानं एकमेकांवरून सरकतात म्हणून ती सहज वाकते. तीच पानं डिंकाने चिकटवली तर वही फळीसारखी ताठ होईल. पाट्यांचं तसंच आहे. एका पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढवली तर ताठपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो. लांबी दहा टक्क्यांनी कमी केली तरी साधारण तेवढाच, सदतीस टक्क्यांनी वाढतो. पाट्यांची संख्या मात्र सरळ प्रमाणात मोजली जाते. पाच सारख्या पाट्यांना सहावा जोडला तर ताठपणा वीस टक्के वाढतो. हे वीस टक्के लक्षात असू द्या.

पिकअपची खरी अडचण तिच्या वजनातल्या तफावतीत आहे. कारमध्ये एक माणूस बसला काय आणि पाच बसले काय, मागच्या ॲक्सलवरचा भार फार तर दीडपट होतो. पिकअपचा हौदा रिकामा असताना मागच्या पाट्यांवर जेमतेम पाचशे किलो असतात, आणि दीड टन माल भरला की त्यातला बहुतेक भार मागेच येतो. म्हणजे पाचशेचे अठराशे. त्याच पाट्यांनी दोन्ही भार पेलायचे आहेत. समजा पाचशे किलोंना पाटे चार सेंटीमीटर दबतात. मग अठराशेला ते चौदा सेंटीमीटरच्या पुढे दबतील. रिकाम्या गाडीच्या तुलनेत भरलेली गाडी दहा सेंटीमीटर खाली बसणार.

आता गाडीखाली वाकून पाहा. ॲक्सलच्या बरोबर वर चासीच्या पट्टीला एक रबरी ठोकळा लावलेला असतो. त्याला बंप रबर म्हणतात. ॲक्सल वर उसळून त्या रबराला भिडला की पाट्यांचं काम संपलं. तिथून पुढे येणारा प्रत्येक धक्का थेट चासीला, हौद्याला आणि चालकाच्या पाठीला बसतो. रिकाम्या गाडीत ॲक्सल आणि बंप रबर यांच्यात पंधरा सेंटीमीटर जागा असेल, तर माल भरल्यावर पाचच उरते. म्हणून कारखान्यातच खाली जाड हेल्पर पाटे दिलेले असतात. रिकाम्या गाडीत ते मोकळे राहतात. गाडी दबू लागली की वरचे पाटे त्यांच्यावर टेकतात आणि ताठपणा एकदम वाढतो. त्यामुळे दहाऐवजी सात-आठ सेंटीमीटरच बसते, आणि पूर्ण भरलेल्या गाडीतही ॲक्सल आणि रबर यांच्यात साधारण चार बोटं घालण्याइतकी जागा शिल्लक राहते. माझ्या मते पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनची सारी परीक्षा या चार बोटांत आहे. ती जागा आहे तोवर पाटे काम करतात. ती गेली की गाडीला पाटे असून नसल्यासारखे.

जुनी गाडी बसते म्हणजे काय होतं, हे आता नीट सांगता येईल. बहुतेकांना वाटतं की पाटे मऊ पडले. तसं नसतं. पोलादाची लवचिकता वापराने कमी होत नाही. दहा वर्षं वापरलेला पाटा, तुटलेला किंवा गंजून पातळ झालेला नसेल तर, पहिल्या दिवशी जितका ताठ होता तितकाच आजही ताठ असतो. त्याची कमान मात्र उतरलेली असते. क्षमतेबाहेरच्या भाराने पोलाद कायमचं थोडं वाकतं, दर हंगामात आणखी थोडं, आणि गाडीची उंची जाते. आजार उंचीचा आहे, ताठपणाचा नाही. आपण एक पाटा वाढवतो तेव्हा औषध मात्र ताठपणाचं देतो.

आता त्या वीस टक्क्यांचा हिशेब. आधीच्या उदाहरणात भरलेली गाडी दहा सेंटीमीटर बसत होती. पाच पाट्यांचे सहा केले की ती साडेआठ-पावणेनऊ सेंटीमीटर बसेल. मिळाले दोन सेंटीमीटरही नाहीत. मग दुकानातून बाहेर पडताना गाडी इतकी उचललेली का दिसते? कारण वाढीव पाटा इतरांपेक्षा अधिक कमानीचा असतो. आवळल्यावर तो बाकीच्यांना वर ढकलतो आणि स्वतः आधीच ताणाखाली येतो. त्याच्यावर माल लादण्यापूर्वीच अर्धा भार असतो. म्हणून सगळ्यांत आधी तोच तुटतो. मिस्तरीने खराब पाटा घातला असं मालकाला वाटतं, पण पाटा चांगला असला तरी त्याच्या वाट्याला आलेलं काम अन्यायाचं असतं.

रिकाम्या फेरीत हाच पाटा वेगळा त्रास देतो. गाडीची वरखाली होण्याची गती पाटे किती दबलेत यावर ठरते. पंचवीस सेंटीमीटर दबलेली गाडी सेकंदाला एकदा हेलकावा घेते, आणि माणसाला ते चालण्याच्या लयीसारखं सुखाचं वाटतं. सहा सेंटीमीटर दबली तर सेकंदाला दोनदा, तीनच सेंटीमीटर दबली तर जवळजवळ तीनदा. माणसाचं शरीर सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या कंपनाला सगळ्यांत जास्त त्रासतं. पाटे जितके ताठ, तितकी रिकामी गाडी त्या पट्ट्याकडे सरकते. माल उतरवून परत येणाऱ्या पिकअपचा मागचा भाग रस्त्यावर नाचतो, टायर क्षणभर जमीन सोडतो, आणि त्या क्षणी ब्रेक लावला तर गाडी आडवी होऊ शकते. दुसरबीडच्या परिसरातल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना तर हे फार लागू पडतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी थर लाटांसारखा होतो. लाटांवरून जाणाऱ्या गाडीला ताठपणापेक्षा मोकळी जागा हवी असते.

काही ठिकाणी पाटे भट्टीत तापवून, घणाने ठोकून पुन्हा कमान देतात. थंड पाट्याला नेमक्या ठोक्यांनी कमान देणारे कसबी हात मी मानतो, आणि ती कमान काही काळ टिकतेही. तापवण्याबाबत मात्र सावध राहावं. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात साडेआठशे-नऊशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग साधारण साडेचारशे-पाचशे अंशांवर पुन्हा मुरवतात. त्यानंतर त्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आतल्या आत दाबाखाली राहतो आणि भेग सहज पडत नाही. उघड्या भट्टीत लाल करून हवेत गार केलेल्या पाट्यात यातलं काहीच उरत नाही. तो वरून कमानदार दिसतो, पण एका हंगामात पुन्हा सपाट होतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांतल्या शेव्हरोले सी-१० सारख्या पिकअप लोक हौसेने जपतात, आणि त्यातले अनेकजण मुद्दाम त्यांची उंची उतरवतात. रस्त्याला चिकटून चालणारी जुनी पिकअप त्यांना देखणी वाटते. पाट्यांची गाडी असेल तर ॲक्सल आणि पाटे यांच्यात ठोकळा बसवतात, किंवा पाट्याखाली असलेला ॲक्सल पाट्यावर नेतात. आपल्याकडच्या जुन्या विलीज जीपमध्ये ॲक्सल मुळातच पाट्यांच्या वर असे. आपले जीपवेडे उलट करतात, ॲक्सल पाट्यांखाली नेऊन जीप उंच करतात. मुद्दा असा की खाली उतरवलेल्या अमेरिकन गाडीची उंची गेली, ताठपणा तेवढाच राहिला. आपल्या लादून-लादून बसलेल्या गाडीचंही अगदी हेच झालेलं असतं. दोघींची चार बोटं गेलेली असतात.

तिथल्या कारागिरांनी यावर काढलेला मार्ग शिकण्यासारखा आहे. ते आधी जागा परत मिळवतात. ॲक्सलच्या वर चासीच्या पट्टीत अर्धचंद्राकार खाच कापतात आणि कापलेल्या जागी जाड पोलादाचा आधार वेल्ड करतात, म्हणजे ॲक्सलला वर जायला पुन्हा वाट मिळते. मग उतरलेल्या उंचीला साजेसे आखूड शॉकॲब्झॉर्बर घालतात, नाहीतर जुना शॉकॲब आधीच पूर्ण मिटलेला असतो आणि पहिल्याच खड्ड्यात फुटतो. त्यानंतर गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा ॲक्सलशी होणारा कोन मोजतात, कारण तो बिघडला की क्रॉस झिजतो आणि ठराविक वेगाला गाडी घरघरते. सी-१० मध्ये १९६० ते १९७२ या काळात बहुतांश गाड्यांना पाट्यांऐवजी मागे दोन लांब दांडे आणि कॉइल स्प्रिंग होत्या. ॲक्सल डाव्या-उजव्या बाजूला सरकू नये म्हणून एक आडवी सळई होती. गाडी उतरवली की ती आखूड सळई ॲक्सलला एका बाजूला ओढते, म्हणून तिथे लांब, जुळवता येणारी सळई घालतात. या दोन दांड्यांच्या रचनेवर आधारलेलं सस्पेन्शन अमेरिकेच्या नॅस्कार कप मालिकेतल्या शर्यतीच्या मोटारींमध्ये २०२१च्या हंगामापर्यंत होतं. शेतमाल वाहणाऱ्या गाडीची रचना शर्यतीत इतकी वर्षं टिकली, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

ज्यांच्याकडे पैसे आहेत ते पुढे जाऊन ॲक्सल चार दांड्यांनी धरतात आणि भार हवेच्या पिशव्यांवर देतात. शिवनेरीच्या व्होल्वो बसमध्ये बसलेल्यांनी या पिशव्यांचं सुख अनुभवलेलं आहे. भार वाढला की पिशवीत हवा भरायची, उतरला की सोडायची. उंची आणि ताठपणा वेगवेगळे सांभाळता येतात. आपल्या शेतमालाच्या पिकअपला मात्र ही व्यवस्था महाग पडेल, आणि नळीला काटा लागला की गाडी रस्त्यातच बसेल.

मग दुसरबीडच्या मालकाने काय करावं? सुरुवात वजनकाट्यावर व्हावी. बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या काट्यावर रिकाम्या पिकअपची फक्त मागची चाकं चढवून वजन घ्यावं, मग नेहमीच्या मालासकट तेच पुन्हा. दोन आकडे हातात आले की पाटे काय सोसतात हे दिसतं. दोन्ही वेळी ॲक्सल आणि बंप रबर यांच्यातली जागा टेपने मोजावी, डावी आणि उजवी वेगळी. मालासकटचा आकडा नोंदणीपत्रातल्या क्षमतेपेक्षा जास्त असेल, तर पाटे हा प्रश्नच नाही. भार क्षमतेत असून जागा उरत नसेल, तर कंपनीच्या मापाचा पूर्ण नवा जुडगा दोन्ही बाजूंना घालावा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला की गाडी तिरकी उभी राहते आणि टायर एका बाजूने खाते.

जुडगा बदलताना यू-बोल्टही नवेच घ्यावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा आवळत नाही. पाटे बहुतेक वेळा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतात, आणि त्याचं कारण सैल यू-बोल्ट असतं. यू-बोल्ट घट्ट असले तर तो मधला भाग वाकतच नाही. सैल झाले की वाकणं भोकापर्यंत पोचतं, आणि भोक ही पाट्याची सगळ्यांत कमजोर जागा. नवीन यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर भरलेल्या गाडीत पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसायला तेवढा वेळ घेतात. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरपी चालू लागते. मागून पाहणाऱ्याला ते लगेच दिसतं, चालकाला उशिरा कळतं. शॅकलचे बुश झिजले असतील तर नवा जुडगाही खडखडेल. पाट्यांना काळं ऑइल लावण्याची जुनी पद्धत आहे. त्याने गंज थांबतो आणि पाटे सरकतातही, पण ऑइल रबराचे बुश खातं आणि धूळ धरतं. म्हणून लावायचंच तर पाट्यांच्या टोकांना बेताने लावावं, डोळ्यांपासून लांब.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटते. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा एक झडपवजा भाग असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. ॲक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर पाहून तो गाडी भरलेली की रिकामी हे ठरवतो आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब पोचू देतो. वाढीव पाट्याने गाडी उचलली की हा भाग फसतो. त्याला भरलेली गाडीही रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक अर्धेच लागतात. उलट बसलेल्या किंवा हौसेने उतरवलेल्या गाडीत तो रिकाम्या हौद्यालाही पूर्ण दाब देतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं अडकून गाडी फिरते. उंची बदलली की ही दांडी पुन्हा जुळवलीच पाहिजे. पाटा वाढवून देताना हे न करणं म्हणजे ब्रेक न तपासता गाडी परत देणं.

मालाच्या जातीचाही विचार हवा. सोयाबीन आणि कांदा जड, ते हौद्यात खाली बसतात आणि पाटे दाबतात. मोकळा कापूस हलका, पण हौद्याच्या दुप्पट उंच रचला जातो. त्याचं वजन पाट्यांना सहज पेलतं, गाडी मात्र वळणावर झुलते, कारण भाराचा मध्य उंच गेलेला असतो. कापसाच्या गाडीला वाढीव पाटा टाकून फायदा नाही, दोरी आणि उंची आवरण्यात फायदा आहे. मालाच्या वर माणसं बसवण्याबद्दल तर बोलायलाच हवं. २०२१च्या ऑगस्टमध्ये दुसरबीडजवळ तढेगावच्या रस्त्यावर समृद्धी महामार्गाच्या कामाचं लोखंड आणि त्यावर बसलेले मजूर नेणारा टिपर उलटला आणि बारा-तेरा मजुरांचा जीव गेला. भाराच्या वर बसलेल्या माणसाला वाचवणारं कुठलंही सस्पेन्शन नाही.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. क्षमतेबाहेरच्या मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. अमेरिकेसारखी चासी कापून गाडी उतरवणं आपल्या रस्त्यांवर म्हणूनच बसत नाही. जुन्या गाडीच्या हौशी मालकाला आणखी एक कारण आहे: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असली तरच. चासी कापलेल्या गाडीला तो मान मिळत नाही.

लादलेल्या भाराचा फटका गाडीपुरता राहत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून मोजलं गेलं, आणि दिसलं की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढला तर झीज दुप्पट होते, भार दुप्पट झाला तर सोळापट. बंप रबरावर आदळत जाणारी गाडी याहून वाईट, कारण तिचं वजन रस्त्यावर एकसारखं न पडता ठोक्यांनी पडतं. त्याच ठोक्यांनी पडलेले खड्डे पुढच्या हंगामात तिच्याच पाट्यांना लागतात.

जुडगा बदलून झाल्यावर शॉकॲब हाताने ओढून पाहावा. तो भार पेलत नाही, फक्त हेलकावे थांबवतो, म्हणून नवे पाटे घालून जुना तेल गळणारा शॉकॲब ठेवला तर गाडी उंच दिसेल, पण प्रत्येक खड्ड्यानंतर तीन-चारदा झुलत राहील. मग दिव्यांची उंची भरलेल्या गाडीवर जुळवून घ्यावी, पूर्ण मालासकट पुन्हा एकदा काट्यावर जावं, आणि टेप ॲक्सल आणि रबर यांच्यामध्ये धरून दोन्ही बाजूंचे आकडे नोंदणीपत्राच्या मागे कागदावर तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी तेच माप पुन्हा घेतलं की गाडी किती बसली हे मिस्तरीला विचारावं लागत नाही.